गर्जना कुठे गळते?

जालन्याची ओळख सांगताना दोन गोष्टी हमखास येतात: बियाणे आणि पोलाद. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत भंगार वितळते आणि रोलिंग मिलमधून बांधकामाच्या सळया होऊन बाहेर पडते. ‘मेटल’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या संगीताचा जन्मही अशाच एका कारखान्यांच्या गावातला आहे, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. मुलगा डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, बारीक तारा चढवल्या आणि पुढे तारा आणखी सैल पडाव्यात म्हणून गिटार खालच्या सुरात लावायला सुरुवात केली. १९७० साली त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाची पहिली तबकडी आली. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’मधल्या काही गाण्यांत गिटार चक्क तीन पट्ट्या खाली उतरलेली आहे. पोटात घुमणारा तो जड आवाज पुढे पन्नास वर्षे या संगीताचा कणा होऊन राहिला.

त्या आवाजाच्या पोटात काय असते, आणि तोच आवाज आज एका लहानशा डिजिटल पेटीतून काढू पाहिला तर तो वाटेत कुठे गळून जातो, हा या लेखाचा विषय आहे. साहित्याच्या दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. तंबोऱ्याच्या जवारीवर आपण आवडीने वाचतो. तीच विद्या गिटारच्या तारेला लागू झाली तर ती परकी मानायचे कारण नाही, एवढेच माझे म्हणणे. शिवाय हा प्रश्न माझ्याकडे घरातूनच आला.

माझा भाचा आयटीआय करून एका रोलिंग मिलमध्ये पाळीवर जातो. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून एक छोटा गट केला आहे: एक गिटार, एक बेस गिटार, एक ड्रम. मुंबईत १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला, धोबी तलावाजवळचे रंगभवन बरीच वर्षे या संगीताचे माहेरघर होते, २०००मध्ये ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ आणि पुढे ‘भयानक मौत’सारखे गट तिथे उभे राहिले. त्या मुलांना दुकानात जाऊन वाद्य वाजवून बघता येत होते, अनुभवी वादकाला विचारता येत होते. जालन्यातल्या मुलाकडे असतो मोबाइल, हेडफोन आणि पुण्याहून कोणाची तरी वापरलेली, कुरिअरने आलेली पेटी. भाच्याने अशीच एक जुनी पेटी घेतली होती. वर्षभराने तो मला म्हणाला, “मामा, रेकॉर्डमधी आवाज भिंतीसारखा अंगावर येतो. माझा पार पापडासारखा वाटायलाय.” उपायही त्याने ठरवून टाकला होता. पेटी विकायची आणि तिच्या चौपट किमतीची नवी हप्त्यांवर घ्यायची. जुन्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यांना पंधरा मिनिटे मिळाली होती, म्हणून घाई. बहिणीने मला फोन केला तो हप्त्यांच्या काळजीने: “दादा, तू ते रेडिओ-बिडिओ उघडतोस ना, जरा बघ की.”

मी ध्वनिशास्त्राचा पदवीधर नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे. व्हॉल्व्हचे रेडिओ उघडून बघण्याच्या नादातून आवाजाच्या अभ्यासाकडे वळलो आणि मिळेल ते वाचत, जमेल ते मोजत आलो. त्यामुळे मी भाच्याला पहिली अट घातली, की गॅदरिंगपर्यंत काहीही विकत घ्यायचे नाही.

ही पेटी म्हणजे काय, ते आधी सांगतो. तिला मॉडेलर म्हणतात. पूर्वी या आवाजासाठी व्हॉल्व्हवर चालणारा जडशीळ अॅम्प्लिफायर आणि बारा इंची स्पीकरची मोठी पेटी लागे, आणि तो अॅम्प्लिफायर शेजाऱ्यांना घराबाहेर काढील इतका मोठा करावा लागे, तेव्हा कुठे तो खुले. मॉडेलर त्या साऱ्या साखळीची गणिती नक्कल करतो. १९९८ साली कॅलिफोर्नियाच्या ‘लाइन ६’ कंपनीने ‘पॉड’ नावाची लाल, राजम्याच्या दाण्याच्या आकाराची पेटी काढली आणि ही कल्पना घरोघरी गेली. २००६मध्ये ‘फ्रॅक्टल’, २०११मध्ये जर्मनीचा ‘केम्पर’, २०१५मध्ये ‘हेलिक्स’ अशी ही यंत्रे सुधारत गेली. आज फुकट मिळणारी संगणक-प्रणालीही दहा वर्षांपूर्वीच्या महागड्या यंत्राला लाजवते. सांगायचा मुद्दा असा, की भाच्याची पेटी जुनी असली तरी तिच्या अंगी तो आवाज नव्हता असे म्हणता येत नव्हते.

आता आवाजाकडे. अॅम्प्लिफायरला झेपेल त्याहून मोठा संकेत दिला की तो लाटेचा माथा कापतो. गोल टेकडीचे पठार होते. या पठारामुळे मूळ सुरात नव्या सुरांची भर पडते: मुळाच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे उपस्वर. यालाच ‘डिस्टॉर्शन’ म्हणतात. शब्दाचा अर्थ विकृती असा असला तरी कानाला ते भरणे वाटते, आणि ते आपल्याला अनोळखी नाही. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित गोलसर ठेवतात आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून जागा शोधतात. तार त्या माथ्याला घासत, टेकत कंप पावते आणि एका तारेतून उपस्वरांची झालर उमटते. ती जवारी. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांच्या या घोडीवर शोधनिबंध लिहिला होता, त्यांच्या नोबेलच्या बरीच वर्षे आधी. अंबडच्या दत्तजयंती संगीत उत्सवात जे तंबोऱ्याजवळ बसले असतील त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. तारेला आपल्या मर्यादेशी घासू द्यायचे आणि त्या घासण्यातून आवाज समृद्ध करायचा, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. दुसरे उदाहरण मिरवणुकीतल्या बेंजोचे. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी कळा दाबून वाजवायचे ‘ताइशोगोतो’ हे वाद्य बनवले. तेच आपल्याकडे बुलबुलतरंग झाले, त्याला पिकअप लागला आणि गणपतीच्या मिरवणुकीत ते ‘बेंजो’ म्हणून भोंग्यातून गर्जू लागले. जालन्याच्या पोरांनी डिस्टॉर्शन पहिल्यांदा ऐकले ते बेंजो पार्टीच्या ताणलेल्या अॅम्प्लिफायरमधून, असे माझे मत आहे. भाच्याला ते फारसे रुचले नाही.

मेटलचे वादक एका वेळी दोनच सूर का वाजवतात, हेही इथेच उलगडते. त्यांचा मुख्य स्वरमेळ म्हणजे षड्ज आणि पंचम. गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या सुरात सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. तिचा पंचम सुमारे १२३चा. हे दोन सूर एकत्र कापले गेले की त्यांच्या वजाबाकीचाही सूर जन्मतो: ४१. हा बेस गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा सूर आहे. म्हणजे जो खर्ज कोणी वाजवलेलाच नाही तो कापाकापीतून आपोआप उभा राहतो. आता पंचमाऐवजी गांधार वाजवून पाहा. पेटीच्या चढ्या गांधाराविषयी गवई मंडळी जी तक्रार करतात ती गिटारच्या पट्ट्यांनाही लागू आहे. समान अंतरांच्या सप्तकात पंचम जवळजवळ शुद्ध राहतो, गांधार मात्र कानाला कळेल इतका चढतो. साध्या आवाजात ते खपून जाते. पण डिस्टॉर्शनमध्ये या चढेपणाच्या बेरजा-वजाबाक्या एकमेकींशी भांडतात आणि आवाज गढूळ होतो. भाचा एका गाण्यात चार सुरांचा भरगच्च मेळ वाजवत होता आणि तिथेच आवाज सर्वांत लेचापेचा होत होता. त्यातले दोन सूर गाळायला लावले.

पण खरी गोम गेनच्या नॉबमध्ये होती. संकेत किती वाढवून कापायला द्यायचा हे तो नॉब ठरवतो. भाच्याने तो शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला होता, आणि आवाज पातळ वाटला की तो अजून एखादे पेडल आधी जोडून गेन आणखी वाढवत होता. वरवर पाहता बरोबर आहे. आवाज कमी पडतो तर वाढवा. प्रत्यक्षात उलटे होते. गेन टोकाला गेला की जोराचा आघात आणि त्यामागून येणारा मंद सूर, दोन्ही कापून एकाच उंचीचे होतात. ढोलाचा ठोका अंगावर येतो तो ठोक्याआधी आणि नंतर मोकळी जागा असते म्हणून. सलग गडगडाटात ठोका हरवतो. मेटलमध्ये तळहाताची कड घोडीजवळ तारांवर टेकवून दबके ठोके मारतात; साऱ्या गर्जनेचा प्राण त्या ठोक्यांत असतो. टोकाच्या गेनमध्ये तेच आधी जातात. मी नॉब निम्म्यावर आणायला लावला. भाच्याचा चेहरा पडला, कारण एकट्याने वाजवताना आता बोटांच्या चुका ऐकू येत होत्या. टोकाचा गेन या चुकांवर पांघरूण घालतो आणि नवशिक्याला तो आवडण्याचे हे मोठे कारण आहे.

दुसरी बाब खर्जाची. तारेच्या संकेतात सर्वांत उंच लाटा खर्जाच्या असतात, त्यामुळे माथा कापण्याची पाळी आली की आधी त्याच कापल्या जातात आणि बाकीच्या सुरांनाही सोबत ओढतात. आवाज फुगतो, पण भोपळ्यासारखा पोकळ. म्हणून जाणकार वादक डिस्टॉर्शनच्या आधी खर्ज कमी करतात आणि हवा तर नंतर वाढवतात. फोडणीत टाकायचे ते फोडणीत, वरून भुरभुरायचे ते वरून. जपानी ‘आयबनेझ’ कंपनीचे हिरवे ‘ट्यूब स्क्रीमर’ पेडल मेटलच्या वादकांमध्ये लोकप्रिय आहे ते यासाठीच. गंमत म्हणजे त्याचे स्वतःचे डिस्टॉर्शन ते शून्यावर ठेवतात आणि फक्त पातळी वाढवतात. ते पेडल खर्ज छाटते, सुमारे ७२० कंपनांच्या आसपासचा मधला भाग पुढे करते आणि अॅम्प्लिफायरला नेटका संकेत देते. बहुतेक मॉडेलरमध्ये त्याची नक्कल असते. भाच्याच्या पेटीतही होती. त्याने ती कधी उघडली नव्हती, कारण नावावरून ती हलक्या रॉकसाठी असावी असा त्याचा समज.

एवढे करूनही हेडफोनमध्ये आवाजाला डासांच्या गुणगुणीसारखी एक बारीक खरखर चिकटून होती. तिचे मूळ सापडायला एक संध्याकाळ गेली. गिटारचा स्पीकर हा घरातल्या म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरसारखा प्रामाणिक नसतो. त्याचा बारा इंची कागदी शंकू सुमारे पाच हजार कंपनांच्या वरचे सूर भराभर गाळतो. डिस्टॉर्शनमधून निघणारे उंच, कर्कश उपस्वर या चाळणीत अडकतात आणि उरतो तो भरीव आवाज. मॉडेलरमध्ये या स्पीकरचीही नक्कल असते. एखाद्या घुमटात टाळी वाजवून त्याचा घुमार नोंदवावा, तसा त्या स्पीकरचा आणि त्यासमोर ठेवलेल्या मायक्रोफोनचा एका क्षणाच्या टिचकीला मिळालेला प्रतिसाद नोंदवून ठेवलेला असतो. पेटी हेडफोनला किंवा मिक्सरला जोडली असेल तर ही नक्कल चालू हवी. खऱ्या गिटार अॅम्प्लिफायरला जोडली असेल तर बंद हवी, कारण तिथे खरा स्पीकर आहेच. चालू हवी तिथे बंद राहिली तर डास येतात. बंद हवी तिथे चालू राहिली तर एकावर एक दोन चाळण्या लागतात आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. भाच्याच्या पेटीत आधीच्या मालकाने ‘आउटपुट’च्या खोल मेनूत ‘अॅम्प्लिफायर’ निवडून ठेवले होते. वर्षभर भाचा चाळणीशिवाय पीठ खात होता. ते ‘लाइन’वर आणले आणि तो दोन मिनिटे काहीच बोलला नाही, नुसता वाजवत राहिला.

स्पीकरच्या या नकलेबद्दल आणखी थोडे सांगायला हवे, कारण मुले अॅम्प्लिफायरची मॉडेल बदलण्यात महिने घालवतात आणि हा भाग तसाच सोडतात. मायक्रोफोन शंकूच्या मध्यापासून दोन बोटे कडेकडे सरकवला तर आवाज जेवढा बदलतो, तेवढा अॅम्प्लिफायर बदलूनही पुष्कळदा बदलत नाही. मध्यावर तो धारदार, कडेला मवाळ. आम्ही एकच अॅम्प्लिफायर ठेवला आणि मायक्रोफोनची जागा तेवढी बदलत गेलो. कडेकडे दीड इंचावर थांबलो, आणि सर्वांत शेवटी ऐंशी कंपनांच्या खालचे व आठ-नऊ हजारांच्या वरचे सूर छाटले. छाटल्यावर आवाज मोठा वाटला, हे भाच्याला कोड्यात टाकणारे होते.

जाता जाता एक तांत्रिक गोष्ट. सिनेमात बैलगाडीचे चाक कधी कधी उलटे फिरताना दिसते, कारण कॅमेरा सेकंदाला ठरावीकच चित्रे घेतो. डिजिटल पेटी संकेताचे सेकंदाला साधारण ४८ हजार तुकडे घेते. २४ हजारांवरचे उपस्वर तिला नीट दिसत नाहीत आणि तेही असेच उलटे फिरून खालच्या पट्टीत बेसूर होऊन पडतात. चांगली यंत्रे आतल्या आत तुकडे आणखी बारीक करून हा दोष टाळतात. वापरणाऱ्याच्या हातात फक्त गेन कमी ठेवणे असते.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. भाचा आपला आवाज कशाशी ताडून पाहत होता? रेकॉर्डशी. ज्या अॅम्प्लिफायरची नक्कल त्याच्या पेटीत आहे तो त्याने कधी प्रत्यक्ष ऐकलेला नाही. जालन्यात तो ऐकायला मिळण्याची सोयही नाही. मूळ न ऐकलेल्या माणसाने नकलेची परीक्षा करायची, आणि तीही तिसऱ्याच गोष्टीशी तुलना करून! कारण रेकॉर्डवरची गिटार म्हणजे एक गिटार नसते. तोच तुकडा वादक दोनदा, कधी चार वेळा स्वतंत्रपणे वाजवतो. एक डाव्या कानात, एक उजव्या. दोन वेळच्या वाजवण्यात केसाएवढा फरक पडतो आणि त्या फरकातून आवाजाची रुंदी येते. कीर्तनातला एकटा टाळकरी आणि दहा टाळकरी यांत जो फरक आहे तोच. संगणकावर एकच तुकडा नक्कल करून दोन्हीकडे ठेवला तर काही होत नाही, तो फक्त किंचित मोठा होतो. दुसरे, ज्या खर्जाला भाचा गिटारचा म्हणत होता त्यातला मोठा वाटा बेस गिटारचा होता. चांगल्या ध्वनिमुद्रणात गिटार आणि बेस एकमेकांत इतके मिसळलेले असतात की शिवण दिसत नाही. बेस काढून टाकला तर उरलेली गिटार ऐकून भल्याभल्यांचा विश्वास बसत नाही, इतकी ती सडपातळ असते आणि गेनही अपेक्षेपेक्षा कमी असतो. मी त्याला एकच तुकडा दोनदा वाजवून मोबाइलवर दोन बाजूंना ध्वनिमुद्रित करायला सांगितले, खाली मित्राचा बेस ठेवला. “मामा, हे तर भिंतीसारखं आलं,” तो म्हणाला. पेटी तीच होती.

पण खोलीतला आवाज आणि गटातला आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकट्याने वाजवताना मुले मधले सूर खाली आणतात, खर्ज आणि तार वर नेतात. एकट्याला ते भारदस्त वाटते. ड्रम सुरू झाला की झांजा वरचा पट्टा घेतात, बेस आणि मोठा ड्रम खालचा घेतात, आणि गिटारने स्वतःची जागा आधीच रिकामी करून ठेवलेली असते. भाच्याच्या गटाची तालीम ऐकली तेव्हा त्याचा उजवा हात हलताना दिसत होता, ऐकू काही येत नव्हते. मधले सूर वाढवल्यावर तो एकट्याने वाजवताना तक्रार करू लागला आणि बाकीचे दोघे म्हणाले, आत्ता कुठे हा आला. शेजाऱ्यांच्या धाकाने हळू आवाजात सेटिंग करण्यातही धोका असतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३मध्ये दाखवून दिले, की हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. म्हणून घरात खर्ज वाढवला जातो, आणि तीच मांडणी सभागृहात मोठ्या आवाजात नुसती ढुमढुमते. आम्ही दोन मांडण्या वेगवेगळ्या साठवल्या, एक घरची आणि एक सभागृहाची. दुसरी एका रविवारी दुपारी मित्राच्या शेतातल्या गोदामात, पूर्ण आवाजात केली. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांवरचे निर्बंध आणि मिलची पाळी यांच्या मधल्या फटीत तेवढीच दुपार सापडली.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी सभागृहात जोडणी करून पाहिली आणि गिटार पुन्हा गायब! भोंग्यांतून येत होती ती फक्त दूरच्या विहिरीतून आल्यासारखी घुमार. भाचा पेटीला शिव्या घालू लागला. हा दोष मला फार आवडला, कारण तो शुद्ध गणिताचा होता. साउंडवाल्याने पेटीच्या हेडफोनच्या भोकातून बारीक स्टिरिओ पिन घेऊन मिक्सरच्या तीन तारांच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये जोडली होती. असे इनपुट दोन तारांवरच्या संकेतांची वजाबाकी करते. लांब केबलमध्ये घुसलेला गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच असतो, तो वजाबाकीत मरावा म्हणून ही योजना. पण हेडफोनच्या दोन तारांवर डावा आणि उजवा आवाज असतो. गिटार दोन्हीत सारखी, म्हणून तीच वजा झाली. डाव्या-उजव्यात वेगळी असते ती घुमार, ती तेवढी शिल्लक राहिली. पेटीच्या मागच्या एकेरी आउटपुटमधून साधी मोनो केबल काढली आणि गिटार परत आली. मॉडेलर वापरणाऱ्या कोणाचा आवाज मंचावर अचानक भुतासारखा झाला तर त्याने आधी ही पिन तपासावी.

दुसरा दोष सभागृहातल्या विजेचा. सॉकेटला अर्थिंग नावापुरतेच होते, त्यामुळे ५० कंपनांची गुणगुण येत होती आणि हाय गेन तीही शेकडो पटींनी वाढवत होता. भाच्याने ती दाबायला ‘नॉइज गेट’ घट्ट केला. हे एक दार असते. ठरावीक पातळीखालचा आवाज आला की ते बंद होते. दार फार घट्ट केले की लांबवलेल्या सुराची शेपूटही त्यात चिरडते आणि गिटार तुटक, अशक्त वाटते. गेट सैल केला, गेन आणखी एक घर उतरवला, आणि साउंडवाल्याच्या धड अर्थिंग असलेल्या बोर्डवरून लाइन घेतली. गुणगुण घालवण्यासाठी पिनेची अर्थची दांडी कापणारे लोक मी पाहिले आहेत. त्या वादकाचा एक हात तारांवर असतो आणि ओठ मायक्रोफोनला लागतात. २३० व्होल्टला संगीताची आवड नसते.

राहिली गिटार. पिकअपचा संकेत नाजूक असतो, त्याला सुमारे दहा लाख ओहमचे इनपुट लागते. मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये गिटार थेट खुपसली तर मॉडेलरपर्यंत पोचण्याआधीच तिचा जीव जातो. भाच्याने ते केले नव्हते. पण त्याच्या तारा वर्षभराच्या होत्या, पाळीवरून येऊन घामट हातांनी वाजवलेल्या, बोटाला गंज लागेल अशा. गिटार चार पट्ट्या खाली आणि जाड तार मात्र नेहमीच्या सुरासाठीचीच, ४६ हजारांश इंचाची. ती इतकी सैल पडली होती की जोरात मारली की सूर क्षणभर चढून मग खाली येत होता. आयोमीने बारीक तारा वापरल्या, हे भाच्याने मला सुनावले. खरे आहे, पण त्याची बोटे वाचवायची होती. भाच्याची दहाही शाबूत आहेत. ५४ किंवा ५६ची तार लावली की त्या सैलपणातला निम्मा लेचेपेचेपणा जातो, आणि हे काम कोणताही मॉडेलर करू शकत नाही.

गॅदरिंगला आम्ही जुन्या तारांवरच गेलो, कारण जालन्यात तसा संच मिळाला नाही. पंधरा मिनिटांतली चार मिनिटे माइक लावण्यात गेली. गिटार ऐकू आली. मागच्या रांगेतल्या बहिणीलाही आली, तिने कानात बोटे घातली होती. हप्त्यांचा विषय सध्या बंद आहे. तारांचे दोन संच आणि एक चांगली केबल मागवली आहे.